कंबरेची शाळा

कंबरदुखीच्या पेशंटला "वाकू नका, वजन उचलू नका" हे सांगण्यात माझी फिजिओथेरपिस्टची अर्धी नोकरी गेली. या उपदेशाचं मूळ गाव स्वीडनमधलं गॉथेनबर्ग. तिथले अस्थितज्ज्ञ आल्फ नाकेमसन यांनी 1960च्या दशकात जिवंत माणसांच्या मणक्यांमधल्या गादीत सुई घालून दाब मोजला. उभ्या माणसाचा दाब 100 धरला, तर उताणं झोपल्यावर 25, बसल्यावर 140 आणि बसून पुढे वाकल्यावर 185. हे आकडे आमच्या पाठ्यपुस्तकात चित्रांसकट होते. परीक्षेला हमखास यायचे.

आकडे हातात आल्यावर ते शिकवायला वर्ग हवाच. 1969 साली स्टॉकहोमजवळच्या डांडेरीड रुग्णालयात मारिआन झाक्रिसन फोर्सेल या फिजिओथेरपिस्ट बाईंनी 'बॅक स्कूल' काढलं. सहा ते आठ पेशंट एकत्र, दोन आठवड्यांत पाऊण-पाऊण तासाचे चार वर्ग. आधी मणक्यांची रचना, आणि दुखत असताना पोटऱ्यांखाली उंच आधार घेऊन उताणं कसं पडायचं ते. मग कसं बसल्या-उठल्याने किती ताण येतो ते. मग घरातली, कामावरची उचलठेव प्रत्यक्ष करून बघायची. शेवटी हिंडाफिरायला, खेळायला सोडायचं. स्वीडनमध्ये रांगेत उभं राहून व्यायाम करण्याचं कुणाला अप्रूप नव्हतं; पेर हेनरिक लिंगची व्यायामसंस्था स्टॉकहोमात 1813 पासून होती.

आमच्याकडे अप्रूप होतं. परळच्या के.ई.एम. रुग्णालयात देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा 1953 साली निघाली, ती पोलिओच्या साथीच्या पाठोपाठ. म्हणजे एक टेबल, एक मूल आणि आमचे दोन हात. पुढे कंबरेचा पेशंटही त्याच रिवाजाने टेबलावर यायला लागला: शेक, ट्रॅक्शन, पट्टा, पुढच्या आठवड्यात परत या. मी पहिल्यांदा सहा जणांना एकदम चटयांवर घेतलं, तेव्हा एक कारकून चिडले. "मॅडम, माझा केसपेपर वेगळा आहे ना?" त्यांच्या शेजारच्या चटईवर एक मासळीवाल्या मावशी. त्यांची कंबर यांच्याहून जुनी, पण पाटी रोज उचलायच्या. "मग काय नवरा उचलणार?" कारकुनांनी कित्येक वर्षांत वाकून बुटाची नाडी बांधली नव्हती. मावशींना वाकताना बघून ते जेवढं शिकले, तेवढं माझ्या व्याख्यानांतून शिकले नव्हते.

बॅक स्कूलची परीक्षा गॉथेनबर्गच्याच व्होल्वो कारखान्यात झाली. निकाल 1977 साली छापून आला. कामगारांचे तीन गट: एकाला शाळा, एकाला हाताने केलेले उपचार, एकाला शॉर्टवेव्हच्या शेकाचं नुसतं नाटक. शाळावाले सगळ्यांत आधी कामावर परतले. पण ही नुकतीच उसण भरलेली माणसं होती. वर्षानुवर्षांच्या दुखण्यावर ती शाळा तितकी चालली नाही, आणि मला त्याचं नवल वाटत नाही. ज्याला वाकायची आधीच धास्ती, त्याला वाकण्याचे धोके शिकवले की धास्ती पक्कीच होणार.

1999 साली दोन गोष्टी झाल्या. जर्मनीतल्या उल्ममध्ये विल्के आणि सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या गादीतला दाब नव्याने मोजला. सैलसर बसल्यावरचा दाब उभ्यापेक्षा जास्त निघालाच नाही. आणि इंग्लंडमध्ये जेनिफर क्लॅबर मॉफेट यांनी यॉर्कच्या वर्गांचा निकाल छापला. 187 पेशंट, त्यातल्या जवळपास निम्म्यांना चार आठवड्यांत तासा-तासाचे आठ वर्ग. साधा व्यायाम, ज्याचा त्याने आपल्या दमाने करायचा, आणि दुखलं म्हणजे आत काही मोडलं असं नाही, हे पटवायचं. वर्षभरात या गटाच्या मिळून 378 दिवसांच्या रजा झाल्या, उरलेल्यांच्या 607.

वर्गासाठी मोठी खोली मागायला गेले, तेव्हा यॉर्कच्या निकालाचा कागद मी साहेबांच्या टेबलावर ठेवला. व्यायाम कोणता, हे त्यांनी विचारलं नाही. रजेचे आकडे मात्र दोनदा वाचले.