हजरुल यहूद ऊर्फ बदराश्म

वैद्यकीच्या बाडांची सूची करतांना मुतखड्यावरील औषधांत ‘हजरुल यहूद’ हें नांव भेटण्याचा संभव असतो. हिंदींत यासच बेरपत्थर म्हणतात, व संस्कृत वेषांत तो बदराश्म होतो. बोराच्या आठळीसारखा दगड, अंगावर लांबीच्या रोखानें समांतर रेघा, एका टोंकास देंठासारखा अवशेष. आम्हीहि पुष्कळ दिवस यास दगड झालेलें फळच समजत होतों.

वस्तुतः तो समुद्रांतील एका प्राण्याचा कांटा आहे. इंग्रजींत ज्यास सी-अर्चिन म्हणतात त्या गोल कवचाच्या प्राण्याच्या कांहीं जातींचे कांटे सुईसारखे नसून जाड व गदेसारखे असतात. प्राणी मेल्यावर ते गळून पडतात, म्हणून अश्मीभूत कांटे बहुधा कवचावांचून सुटेच सांपडतात. लेबनॉन व पॅलेस्टाईन या बाजूस ते विपुल आहेत. ओळख पटविण्यास एक तुकडा फोडून पाहावा. प्रत्येक कांटा म्हणजे कॅल्साइटाचा एकच स्फटिक. त्यामुळें तो तिरकस, गुळगुळीत व चकाकणाऱ्या पातळीवर फुटतो. फळाची आठळी अशी फुटणार नाहीं.

हें औषध किती जुनें? इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीझ यानें यहूदी देशांतील या दगडाचें वर्णन केलें असून, हरभऱ्याएवढा भाग सहाणेवर उगाळून कोमट पाण्यांतून घेतल्यास मूत्राशयांतील खडा फुटतो असें म्हटलें आहे. पुढच्या शतकांत गॅलेननें मात्र मूत्राशयाच्या खड्यावर आपणांस गुण आला नाहीं, वृक्काच्या खड्यावर आला, असें नमूद केलें. स्वतःचें अपयश लिहून ठेवणारा वैद्य विरळा! ग्रीकांपासून हें औषध अरबी वैद्यकांत गेलें व तेथून हकीमांच्या मार्फत आपणांकडे आलें. दगडानें दगड फोडावा ही सादृश्याची कल्पनाहि या श्रद्धेस पोषक झाली असावी.

अशा जीवाश्मांविषयीं श्रद्धा अन्यत्रहि आहेत. इंग्लंडांत सी-अर्चिनचें अश्मीभूत कवच ‘मेंढपाळाचा मुकुट’ म्हणून खिडकींत ठेवीत, वीज पडूं नये म्हणून. तेथेंच डन्स्टेबलजवळ १८८७ सालीं वर्दिंग्टन स्मिथ यानें स्त्री व बालक यांचें ताम्र-कांस्ययुगीन दफन उघडलें. त्यांच्याभोंवतीं अशीं दोनशेंहून अधिक कवचें होतीं असें त्याचें म्हणणें आहे. परंतु तीं कवचें मुख्यतः रक्षणाचीं. कांटा मात्र पोटांत घ्यावयाचा. एकाच प्राण्याच्या दोन अवयवांचें भाग्य असें निराळें झालें.

आमचा मुद्दा ‘बदराश्म’ या शब्दाविषयीं आहे. संस्कृत नांव दिसतांच वस्तु प्राचीन ठरविण्याची आपली खोड जुनी आहे. चरक व सुश्रुत यांच्या अश्मरीचिकित्सेंत पाषाणभेद, गोक्षुर, वरुण आहेत; हा दगड नाहीं. तेव्हां बदराश्म हें आकारावरून मागाहून दिलेलें नांव होय, आणि तें असलेलें पान हकीमी औषधांचा परिचय झाल्यानंतरचें मानणें प्राप्त आहे. त्यावरून बाडाचा काळ मागें नेतां येणार नाहीं. फार तर पुढें आणतां येईल. म्हणून संग्राहकांस विनंति कीं, समासांत यहूद, यहुदी, जहूद असें कांहीं लिहिलेलें आढळल्यास लेखकप्रमाद समजून तें दुरुस्त करूं नये. अक्षरें जशींच्या तशीं उतरून घ्यावींत, व पुडींत दगड शिल्लक असेल तर तोहि टाकूं नये.