संबोधन आणि संबोधित : फ्रीमाँट स्ट्रीटवरील एका निऑन फलकाचा इतिहास

रॉबर्ट व्हेंचुरी, डेनिस स्कॉट ब्राउन आणि स्टीव्हन आयझेनूर यांचे ‘लर्निंग फ्रॉम लास व्हेगास’ हे पुस्तक १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि या शहरातील जाहिरातफलक वास्तुविचाराच्या, पुढे उत्तरआधुनिकतेच्याही चर्चेत एक मान्यवर संहिता होऊन बसले. इमारत गौण, चिन्ह प्रधान, हा त्या विवेचनाचा गाभा. मात्र जाहिरात, जुगार आणि त्यांमागील हितसंबंध यांची नैतिकता आपल्या अभ्यासाच्या कक्षेत येत नाही, असे लेखकत्रयीने आरंभीच स्पष्ट केले होते. पद्धती म्हणून ही मर्यादा समजण्यासारखी आहे. परंतु चिन्ह कोणाला उद्देशून आहे, हा प्रश्न केवळ नैतिक नसून अर्थनिर्मितीचाच प्रश्न असतो. तो वगळून चिन्हाचे वाचन पूर्ण होऊ शकते काय? प्रस्तुत लेखात ‘पायोनियर क्लब’ या कॅसिनोच्या ‘व्हेगास व्हिक’ नामक फलकाचा इतिहास या प्रश्नाच्या अनुरोधाने पाहावयाचा आहे.

लास व्हेगास हे मुळात रेल्वेचे गाव. १५ मे १९०५ रोजी रेल्वे कंपनीने भूखंडांचा लिलाव केला आणि गाव वसले. फ्रीमाँट स्ट्रीट हा त्याचा मुख्य रस्ता. त्याच्या पश्चिम टोकाला रेल्वेस्थानक होते. १९ मार्च १९३१ रोजी नेवाडा राज्याने जुगाराला कायदेशीर मान्यता दिली. त्याच वर्षी जवळच कोलोरॅडो नदीवरील प्रचंड धरणाचे (आजच्या हूवर धरणाचे) काम सुरू होऊन मजुरांची मोठी वस्ती या परिसरात आली. १९४२ मध्ये याच रस्त्यावर पायोनियर क्लब सुरू झाला. ‘पायोनियर’ म्हणजे आद्य वसाहतकार. ज्या खोऱ्यात पाययूट लोकांची वस्ती त्याआधी कितीतरी काळ होती, तेथे हे नाव स्वतःच एक इतिहासलेखन होते.

फलकावरील काउबॉयची प्रतिमा कॅसिनोची मूळची नव्हे. १९४० नंतरच्या दशकात शहराच्या व्यापारी मंडळाने पर्यटकांना आकर्षित करण्यासाठी हे चित्र प्रचारात आणले होते. पॅट डेनर यांच्या आराखड्यानुसार यंग इलेक्ट्रिक साइन कंपनीने ते निऑनमध्ये घडविले आणि १९५१ मध्ये सुमारे चाळीस फूट उंचीचा हा पुतळासदृश फलक कॅसिनोच्या दर्शनी भागावर उभा राहिला. डोक्यावर रुंद कडांची टोपी, ओठांत सिगारेट, हलणारा हात आणि दर पंधरा मिनिटांनी ध्वनिक्षेपकातून येणारी हाक : ‘हाउडी, पॉडनर!’

पर्सच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे तिन्ही प्रकारची चिन्हे एकत्र आली आहेत. आकृती साम्यावर आधारलेली, हात दाराकडे निर्देश करणारा आणि शब्द रूढ संकेतावर उभा. पण आकृतीचे साम्य कशाशी? हे गाव गुरांच्या व्यापारावर उभे राहिलेले नव्हते. शिवाय इतिहासातील काउबॉयांमध्ये कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन यांची संख्या मोठी होती. चित्रपटांनी रूढ केलेला काउबॉय मात्र गोरा होता. व्हिक या दुसऱ्या काउबॉयची प्रतिकृती आहे. तो प्रतिमेची प्रतिमा आहे.

खरा प्रश्न हाकेचा आहे. अल्थुसरने १९७० मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात रस्त्यावर हाक मारणाऱ्या पोलिसाचे उदाहरण दिले आहे : हाक ऐकून जो वळतो तो त्या वळण्यानेच विचारप्रणालीचा ‘विषयी’ बनतो. व्हिकची हाक मात्र धाकाची नाही, सलगीची आहे. ‘पॉडनर’ म्हणजे भागीदार. ज्याचे नुकसान हाच घराचा नफा, त्यालाच भागीदार म्हणून संबोधणे, ही या संहितेतील मूलभूत विसंगती होय. मराठी व्याकरणपरंपरेत संबोधन ही विभक्ती गणली जाते, परंतु तिला कारकार्थ नाही. संबोधिलेली व्यक्ती वाक्यातील क्रियेत कारक म्हणून सहभागी नसते. फलकाने हाकारलेल्या ‘भागीदारा’ची स्थिती याहून फारशी वेगळी नव्हती.

आणि ही हाक सर्वांना ऐकू येत असली तरी सर्वांसाठी नव्हती. १९५१ मध्ये शहरातील कॅसिनोंची दारे कृष्णवर्णीय ग्राहकांना साधारणतः बंद होती. रंगमंचावर गाणाऱ्या नामांकित कृष्णवर्णीय कलावंतांनाही त्याच हॉटेलात मुक्काम करता येत नसे. त्यांची वस्ती लोहमार्गापलीकडच्या वेस्टसाइडमध्ये होती, म्हणजे या हात हलवणाऱ्या आकृतीपासून फार दूर नव्हे. १९५५ मध्ये वर्णभेद न पाळणारे ‘मूलाँ रूज’ हे कॅसिनो-हॉटेल वेस्टसाइडलगत सुरू झाले आणि काही महिन्यांतच बंद पडले. पुढे जेम्स मॅकमिलन यांच्या नेतृत्वाखाली मोर्चाचा इशारा देण्यात आला आणि २६ मार्च १९६० रोजी याच बंद पडलेल्या मूलाँ रूजमध्ये झालेल्या बैठकीत बहुतेक कॅसिनोंनी ही बंदी उठविण्याचे मान्य केले. याचा अर्थ, पहिली नऊ वर्षे व्हिकची हाक ऐकून वळणाऱ्यांपैकी काहींना दाराशीच आपण संबोधित नसल्याचे कळत होते. अल्थुसरच्या प्रतिमानात ही शक्यता पुरेशी विचारात घेतलेली नाही : हाक ऐकू यावी, अर्थ कळावा आणि तरीही श्रोता हाकेबाहेर ठेवला जावा.

फलकाचे उत्तरायुष्य हे क्रमाक्रमाने होत गेलेल्या लोपाचे आहे. चित्रीकरणासाठी आलेला नट ली मार्विन याने आवाजाविषयी तक्रार केली आणि १९६६ मध्ये तो बंद झाला, असे सांगितले जाते. १९९१ मध्ये हात थांबला. १९९५ मध्ये पायोनियर क्लब बंद झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात फ्रीमाँट स्ट्रीटवर विद्युत्‌दीपांचे भव्य छत उघडले. ते बसविताना व्हिकच्या टोपीचा काही भाग कापावा लागला होता. कॅसिनोच्या जागी भेटवस्तूंचे दुकान आले. चिन्हक उरला, चिन्हित नाहीसे झाले.

तथापि येथे ‘निराधार चिन्हका’चा उत्सव करून थांबणे योग्य होणार नाही. चिन्हिताची रिकामी जागा रिकामी राहत नाही. तेथे स्मरणरंजन येऊन बसते. आज व्हिक ‘जुन्या व्हेगास’चे चिन्ह मानला जातो आणि त्या जुनेपणात हाकेची सलगी उरते, दारावरची बंदी उरत नाही. मूलाँ रूजचा फलक मात्र १९९६ मध्ये स्थापन झालेल्या निऑन संग्रहालयाच्या संग्रहात आहे. एक फलक रस्त्यावर, दुसरा संग्रहालयात. परंतु पहिल्याचा अर्थ दुसऱ्यावाचून लागत नाही. कारण पहिल्याने ज्यांना संबोधिले नाही, त्यांना दुसऱ्याने संबोधिले होते. चिन्हमीमांसेने चिन्हक आणि चिन्हित यांच्याबरोबरच या तिसऱ्या घटकाचा, म्हणजे संबोधिताचा आणि संबोधनातून वगळलेल्याचा, इतिहास मांडला पाहिजे. तसे झाले नाही, तर निऑनचा प्रकाश जेवढे दाखवतो तेवढेच आपण वाचत राहू.