सेल, किंमत आणि पडदा : गेम बॉयच्या बाजारपेठेचा एक विचार

गुणांनी सरस असलेले यंत्र बाजारातही सरस ठरते, असे गृहीत धरून यंत्रांचा इतिहास लिहिण्याची प्रथा जुनी आहे. १९८९ ते १९९१ या काळात हातात धरून खेळावयाच्या व्हिडिओ गेमच्या यंत्रांमध्ये जी स्पर्धा झाली, तिच्यापुढे हे गृहीतक टिकत नाही. निन्टेंडोचा गेम बॉय, अटारीचे लिंक्स आणि सेगाचा गेम गिअर ही तीन यंत्रे त्या स्पर्धेत होती. पडद्याच्या दृष्टीने पाहिले तर गेम बॉय हे त्यांतील सर्वांत दरिद्री यंत्र होय. आणि इतर दोघांना मागे टाकून बाजार व्यापला तो त्यानेच. निन्टेंडोचा नावलौकिक आणि 'टेट्रिस' हा खेळ अशी दोन कारणे यासाठी नेहमी पुढे केली जातात. ती खोटी नाहीत. परंतु त्यांनी प्रश्नाचा अर्धाच उलगडा होतो.

निन्टेंडो ही क्योतो येथील कंपनी १८८९ साली स्थापन झाली ती 'हानाफुदा' नावाचे जपानी पत्ते तयार करण्यासाठी. गुंपेई योकोई हा विद्युत्-शास्त्राचा पदवीधर १९६५ मध्ये तेथे नोकरीस लागला, तोही पत्त्यांच्या कारखान्यातील यंत्रांची देखभाल करण्यासाठी. पुढे तो खेळणी घडवू लागला. गिरणीतला मिस्त्री खेळण्यांचा कल्पक झाला, एवढ्यापुरती ही हकीकत मनोरंजक आहे. परंतु तिचे खरे महत्त्व निराळे आहे. योकोई प्रयोगशाळेतून आला नव्हता. नवे शोध लावण्यापेक्षा, दुसऱ्यांनी लावलेले शोध स्वस्त होईपर्यंत थांबावे आणि मग त्यांचा कोणाला न सुचलेला उपयोग करावा, हे त्याचे धोरण होते. जपानीत त्याने या धोरणाला दिलेल्या नावातील विशेषणाचा शब्दशः अर्थ 'वाळलेले' असा होतो. मराठीत 'मुरलेले तंत्र' म्हटले तर त्याचा आशय अधिक जवळून व्यक्त होईल. असे तंत्र शिळे नसते. त्यातील दोष ठाऊक झालेले असतात आणि त्याची किंमत उतरलेली असते.

१९७० नंतरच्या दशकात जपानी कंपन्यांमध्ये खिशातल्या गणकयंत्रांवरून तीव्र चढाओढ झाली आणि तिच्या परिणामी द्रवस्फटिकाचे पडदे विलक्षण स्वस्त झाले. आगगाडीत एक नोकरदार कंटाळा घालविण्यासाठी गणकयंत्राची बटणे दाबीत बसलेला योकोईने पाहिला आणि त्यावरून त्याला खिशातल्या खेळाची कल्पना सुचली, असे सांगतात. ही आख्यायिका असो वा नसो, १९८० पासून निघालेल्या 'गेम अँड वॉच' या मालिकेत गणकयंत्राचाच पडदा होता, आणि जगभर तिचे सुमारे ४ कोटी ३४ लाख नग खपले. त्यातील प्रत्येक यंत्रात खेळ मात्र ठरावीक असे. गेम बॉयने ही मर्यादा दूर केली. खेळ वेगळ्या कार्ट्रिजमध्ये ठेवावयाचे आणि यंत्र एकदाच विकत घ्यावयाचे, अशी त्याची रचना होती.

गेम बॉय जपानमध्ये २१ एप्रिल १९८९ रोजी १२,५०० येनला विक्रीस आला आणि त्याच उन्हाळ्यात अमेरिकेत सुमारे ९० डॉलरला. त्याचा पडदा हिरवट असून त्यावर चार छटा दिसत, आणि त्याला स्वतःचा प्रकाश नव्हता. दिव्याखाली किंवा खिडकीशी बसूनच खेळावे लागे. त्याच वर्षी आलेल्या लिंक्सला रंगीत, मागून उजळलेला पडदा होता. किंमत सुमारे १८० डॉलर. १९९० मध्ये जपानमध्ये आलेला गेम गिअरही रंगीत होता आणि तेथे त्याची किंमत १९,८०० येन होती.

येथे थोडा हिशेब करणे अवश्य आहे, कारण दुकानातल्या किमतीत तो दिसत नाही. गेम बॉयला चार पेन्सिल सेल लागत आणि ते साधारण १५ तास पुरत. गेम गिअरला सहा सेल लागत व ते तीन ते पाच तासांत संपत. लिंक्सची स्थिती फारशी वेगळी नव्हती. एखाद्या मुलाने साठ तास खेळावयाचे म्हटले तर गेम बॉयला १६ सेल पुरतात, आणि चार तासांची सरासरी धरली तरी गेम गिअरला ९० लागतात. ही सगळी वीज खात होती ती पडद्यामागची प्रकाशनळी. म्हणजे दुकानात ग्राहकाला भुरळ घालणारा जो गुण, तोच घरी आल्यावर दर आठवड्याला पैसे मागणारा दोष होता. यंत्र वाढदिवसाला एकदा मिळते. सेल मात्र आईबापांकडे पुन्हा पुन्हा मागावे लागतात. अटारी आणि सेगा यांनी स्पर्धा पडद्याची आहे असे मानले, आणि तेथेच त्यांचा हिशेब चुकला. गेम गिअरचे सुमारे एक कोटी नग खपले, हे अपयश म्हणता येणार नाही. परंतु गेम बॉय आणि १९९८ चा गेम बॉय कलर यांची मिळून विक्री ११ कोटी ८६ लाखांवर गेली.

टेट्रिसचे स्थानही या हिशेबातच पाहिले पाहिजे. मॉस्कोतील विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेइ पाजित्नोव याने १९८४ मध्ये हा खेळ रचला. त्याचे हक्क सोव्हिएत सरकारी संस्थेकडे होते. ते मिळविण्यासाठी हेंक रॉजर्स १९८९ च्या फेब्रुवारीत मॉस्कोस गेला आणि अमेरिकेत हा खेळ यंत्राबरोबरच देण्यात आला. टेट्रिसला रंगाची गरज नाही, वेगवान चित्राचीही नाही. आकार ओळखू आला की पुरे. दरिद्री पडद्याला इतका अनुरूप खेळ क्वचितच सापडला असता. शिवाय तो मुलांपुरता राहिला नाही, प्रौढांनीही खेळला. भारतात नव्वदीच्या दशकात दोन-तीन सेलांवर चालणारी 'ब्रिक गेम' नावाची स्वस्त यंत्रे तालुक्याच्या बाजारापर्यंत पोचली, ती याच खेळाची अनुकरणे होत. ज्यांनी गेम बॉय कधी पाहिला नव्हता अशा घरांतही त्याचा धडा असा आडवाटेने पोचला.

तथापि मुरलेले तंत्र घेतले की यश ठरलेलेच, असा सिद्धान्त काढणे घाईचे होईल. १९९५ चा व्हर्च्युअल बॉय हा योकोईचाच. त्यातही एकाच, लाल, रंगाचे स्वस्त प्रकाशबिंदू होते. परंतु ते यंत्र मेजावर ठेवून त्यात डोळे घालावे लागत. ते खिशात मावत नव्हते, आणि खेळणाऱ्याच्या खांद्यावरून दुसऱ्याला काही पाहता येत नव्हते. त्याची विक्री लवकरच थांबवावी लागली. याउलट १९९६ च्या फेब्रुवारीत आलेल्या 'पोकेमॉन'ने सात वर्षांच्या जुन्या गेम बॉयला नवा बाजार मिळवून दिला, तो दोन यंत्रे जोडणाऱ्या साध्या तारेच्या बळावर. दोन आवृत्त्यांतील प्राणी वेगळे ठेवले असल्याने देवघेव केल्यावाचून संग्रह पुरा होत नसे. प्रत्येक ग्राहकाला दुसरा ग्राहक हवासा झाला. योकोईने त्याच वर्षी निन्टेंडो सोडली आणि १९९७ मध्ये रस्त्यावरील अपघातात त्याचा अंत झाला. त्याचा सहभाग असलेले वंडरस्वान हे यंत्र बँडाई कंपनीने १९९९ मध्ये बाजारात आणले. ते एकाच पेन्सिल सेलवर चालत असे.

पुढच्या पिढीत सेलांची जागा पुन्हा भरता येणाऱ्या बॅटरीने घेतली, आणि हा हिशेब इतिहासजमा झाला असे वाटण्याजोगी स्थिती आली. परंतु छुपा खर्च नाहीसा झाला नव्हता. त्याने रूप पालटले. सोनीचे प्लेस्टेशन व्हिटा डिसेंबर २०११ मध्ये जपानमध्ये आले, तेव्हा त्याच्या पडद्याची स्तुती झाली ती यथार्थच होती. मात्र त्याला सोनीचेच खास मेमरी कार्ड लागे, आणि अमेरिकेत २५० डॉलरच्या यंत्राला ३२ गिगाबाइटचे कार्ड घ्यावयाचे तर आणखी १०० डॉलर मोजावे लागत. दरम्यान स्मार्टफोन ग्राहकाच्या खिशात अगोदरच येऊन बसला होता, आणि त्यावरचे कित्येक खेळ फुकट होते. निन्टेंडोलाही त्याच वर्षी आपल्या ३डीएसची किंमत सहा महिन्यांच्या आत २५,००० वरून १५,००० येनवर आणावी लागली. त्यानंतर ते यंत्र सावरले. व्हिटाचे कार्ड मात्र अखेरपर्यंत सोनीचेच खास राहिले. २०१९ मध्ये त्या यंत्राचे उत्पादन बंद झाले.