बड (कुत्रा)

बड हा मोटारगाडीतून अमेरिकेची संयुक्त संस्थाने पार करणारा पहिला कुत्रा मानला जातो. इ.स. १९०३ मध्ये डॉ. होरेशियो नेल्सन जॅक्सन आणि यांत्रिक स्युअल क्रॉकर यांनी सॅन फ्रान्सिस्को ते न्यू यॉर्क असा प्रवास मोटारीने केला. मोटारीने अमेरिका ओलांडण्याचा हा पहिला यशस्वी प्रयत्न होय. बड या प्रवासात आयडाहो राज्यापासून सहभागी झाला. तो पिट बुल प्रकारचा होता. तत्कालीन वृत्तपत्रांनी मात्र त्याला सर्रास बुलडॉग म्हटले आहे.

पार्श्वभूमी

जॅक्सन हे व्हरमाँट राज्यातील बर्लिंग्टन येथील डॉक्टर होते. मे १९०३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील एका क्लबमध्ये मोटारीच्या भवितव्यावर वाद झाला आणि त्यांनी ५० डॉलरची पैज स्वीकारली. त्या वेळी त्यांच्याकडे स्वतःची मोटारही नव्हती. त्यांनी २० अश्वशक्तीची, वापरलेली विंटन गाडी विकत घेतली, तिला 'व्हरमाँट' असे नाव दिले आणि २३ मे रोजी प्रस्थान ठेवले. नेवाडातील वाळवंटी प्रदेश टाळण्यासाठी त्यांनी उत्तरेकडील लांबचा मार्ग निवडला.

प्रवासातील सहभाग

सोबत एखादा कुत्रा असावा, अशी जॅक्सन यांची इच्छा प्रवासाच्या आरंभापासूनच होती. आयडाहोतील कॉल्डवेल या गावाच्या परिसरात त्यांना बड मिळाला. तो कसा मिळाला याविषयी वृत्तपत्रांनी परस्परविरोधी हकिकती छापल्या. तो चोरून आणल्याचेही एका कथेत म्हटले होते. पत्नीला लिहिलेल्या पत्रात जॅक्सन यांनी मात्र एका माणसाकडून तो १५ डॉलरला विकत घेतल्याचे नमूद केले आहे. हे पत्र प्रवासादरम्यानच लिहिलेले असल्याने बातम्यांपेक्षा ते अधिक विश्वसनीय ठरते.

व्हरमाँट गाडीला छप्पर नव्हते आणि समोरची काचही नव्हती. पश्चिमेकडील कोरड्या प्रदेशात उडणारी क्षारयुक्त धूळ थेट बसणाऱ्यांच्या तोंडावर येत असे. दोघे प्रवासी संरक्षक चष्मे वापरत. बडला ती सोय नव्हती आणि त्याच्या डोळ्यांना धुळीचा त्रास होऊ लागला. तेव्हा जॅक्सन यांनी त्यालाही तसाच चष्मा बसविला. आज बडची ओळख प्रामुख्याने या चष्म्यामुळे आहे आणि त्याची छायाचित्रे पाहणाऱ्यास ती गंमत वाटते; प्रत्यक्षात चष्म्याचे कारण प्राण्याच्या डोळ्यांना होणारी इजा हे होते. वाटेत एके ठिकाणी दूषित पाणी प्यायल्याने तो आजारीही पडला, परंतु त्यातून बरा झाला.

रस्ते बहुधा घोडागाड्यांच्या चाकोऱ्यांचे होते. बड पुढे बसून वाटेकडे लक्ष ठेवी आणि धक्का येण्यापूर्वी अंग सावरून घेण्यास शिकला होता, असे सांगितले जाते. त्याला बांधून ठेवणारा पट्टा वा पिंजरा गाडीत नव्हता. चालत्या उघड्या मोटारीत कुत्र्याला असे मोकळे बसविणे आजच्या सुरक्षिततेच्या कल्पनांत बसणारे नाही. संपूर्ण प्रवासात एकदाही अपशब्द न वापरणारा तिघांतील एकमेव सदस्य म्हणजे बड, असा जॅक्सन यांचा विनोदही प्रसिद्ध आहे. गाडी वारंवार बंद पडत असल्याने त्यामागील अर्थ सहज उमगतो.

या तिघांची कीर्ती त्यांच्यापुढे धावू लागली. गावोगावी गर्दी जमे, बातमीदार मुलाखती घेत आणि छायाचित्रांत बड हमखास असे. २६ जुलै रोजी पहाटे ते न्यू यॉर्कला पोहोचले. सुमारे ६३ दिवसांच्या या प्रवासावर जॅक्सन यांनी जवळपास ८,००० डॉलर खर्च केले. पैजेची रक्कम त्यांनी कधीच वसूल केली नाही.

नंतरचा काळ व वारसा

प्रवासानंतर बड बर्लिंग्टन येथे जॅक्सन कुटुंबातच राहिला. जॅक्सन यांनी १९४४ साली व्हरमाँट गाडी स्मिथसोनियन संस्थेला दिली. बडचा चष्माही त्याच संस्थेच्या वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय अमेरिकन इतिहास संग्रहालयाच्या संग्रहात असून, तेथे गाडीसोबत चष्मा घातलेल्या बडची प्रतिकृती मांडण्यात आली आहे. प्रवासाच्या शताब्दीनिमित्त, २००३ मध्ये, केन बर्न्स यांनी 'होरेशिओज ड्राइव्ह' हा माहितीपट तयार केला. त्यातही बडचा वृत्तांत येतो.