गावची आमराई : लावणी आणि राखण

देवालय म्हटले की झाड आलेच. पारावरचा पिंपळ, अंगणातील बेल, वेशीबाहेरची देवराई यांवाचून ग्रामदेवतेचे स्थान डोळ्यांपुढे उभे राहत नाही. छायेच्या झाडांप्रमाणेच सर्वांसाठी फळझाडे लावणे हेही पुण्यकर्म होय, ही समजूत या देशात फार प्राचीन आहे.

इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने आपल्या सातव्या स्तंभलेखात या कामाची नोंद करून ठेविली आहे. माणसांना व जनावरांना सावली मिळावी म्हणून रस्त्यांच्या कडेने वड लावविले, आमराया लावविल्या, विहिरी खोदविल्या, असे तो सांगतो. त्याची राणी कारुवाकी हिच्या दानाविषयीच्या लेखात आमराईसाठी 'अंबावडिका' असा शब्द आला आहे. आपल्या मराठीतील 'वाडी' हा शब्द त्याच कुळातला.

स्वराज्यातही हा विचार जागा होता. रामचंद्रपंत अमात्य यांनी इ. स. १७१६ च्या सुमारास सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडासंबंधी आज्ञा आहे. आंबे-फणसांचे लाकूडही आरमाराच्या उपयोगाचे. तरी त्यांस हात लावू नये, असे तेथे बजावले आहे. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांप्रमाणे पुष्कळ काळ जतन करून वाढविलेली असतात. एखादे झाड अगदी जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तरच धन्यास राजी करून, त्याचे मोल देऊन ते तोडावे. झाड लेकरासारखे वाढवावे लागते, हे त्या काळच्या राज्यकर्त्यांनी पुरते ओळखले होते.

सार्वजनिक बागेची खरी कसोटी याच ठिकाणी लागते. लावणी एका दिवसाची, राखण मात्र वर्षानुवर्षांची. उन्हाळ्यात तीन-तीन फुटांचे खड्डे खणून तापू द्यावे लागतात. मग शेणखत व माती भरून पहिल्या पावसानंतर रोप लावावयाचे. दोन आंब्यांत तीस-तेहतीस फूट अंतर धरले, तर एकरी चाळीसच झाडे बसतात. कलमाला चांगले फळ धरण्यास चार-पाच वर्षे लागतात, कोयीच्या झाडास त्याहून अधिक. तोवर निदान तीन उन्हाळे पाणी घालावे लागते. बुंध्याशी पाझरते मडके पुरले, तर थोड्या पाण्यात भागते. शेळ्या-गुरांपासून रक्षणासाठी काटेरी कुंपण हवे. समारंभाच्या दिवशी खड्ड्याभोवती गर्दी असते; चैत्र-वैशाखात घागर घेऊन कोण जाणार, हा प्रश्न उरतो. बाग सर्वांची म्हणजे कोणाचीच नाही, असे झाले की रोपे जळून जातात.

या प्रश्नाचे उत्तर राजस्थानातील राजसमंद जिल्ह्यातल्या पिपलांत्री गावाने अलीकडच्या काळात शोधले. हा मुलूख संगमरवराच्या खाणींचा. डोंगर उघडे पडलेले आणि विहिरींचे पाणी खोल गेलेले. २००५ साली श्यामसुंदर पालीवाल तेथे सरपंच झाले. त्यांची मुलगी ऐन उमेदीच्या वयात वारली. तिच्या स्मरणार्थ त्यांनी झाड लावले आणि त्यातूनच गावाचा रिवाज ठरला : गावात मुलगी जन्मली की तिच्या नावाने १११ झाडे लावावयाची. आंबा, आवळा, कडुनिंब, शिसव अशी ही झाडे ग्रामपंचायतीच्या व गायरानाच्या जमिनीवर उभी राहिली. श्रमदानाच्या जोडीला सरकारी योजनांचा उपयोग करून पाणी अडविण्याची कामेही झाली.

गावाने राखणीचा विचार लावणीबरोबरच केला. मुलीच्या नावे २१,००० रुपये गावाने व १०,००० रुपये पित्याने घालून वीस वर्षांच्या मुदतीची ठेव ठेवावयाची. आईबापांनी लेखी हमी द्यावयाची की मुलीस शिकवू, कायद्याच्या वयाआधी तिचे लग्न करणार नाही आणि तिची झाडे सांभाळू. वाळवी लागू नये म्हणून झाडांभोवती कोरफड लावली. पुढे तिच्या रसापासून वस्तू करून स्त्रियांना कामही मिळाले. रक्षाबंधनाला मुली आपल्या झाडांस राखी बांधतात. पालीवाल यांस २०२१ साली 'पद्मश्री' मिळाली. जेथे मुलीचा जन्म अनेक घरांत ओझे मानला जाई, तेथे तिच्या नावाने रान उभे राहिले, याचे मोल त्या सन्मानाहूनही अधिक आहे.

आज्ञापत्राने झाडाला लेकराची उपमा दिली. पिपलांत्रीने ती व्यवहारात उतरविली. तेथे जमीन गावाची राहिली, पण प्रत्येक झाडाला एक घर मिळाले. जे गाव सार्वजनिक बागेचा संकल्प करील, त्याने रोपे आणण्यापूर्वी तीन गोष्टी चारचौघांत ठरवून घ्याव्यात : पाण्याची पाळी कोणाची, कुंपणाची दुरुस्ती कोणाकडे आणि फळाची वाटणी कशी. एवढे ठरले, तर लावणाऱ्यांच्या नातवंडांना त्या झाडांची फळे खावयास मिळतील.