पाण्याचे आर्थिक मूल्य

पाण्याचे आर्थिक मूल्य म्हणजे विशिष्ट ठिकाणी व विशिष्ट वेळी उपलब्ध असलेल्या पाण्याच्या एका एककापासून (उदा. एक घनमीटर, म्हणजेच १,००० लिटर) वापरणाऱ्यास व समाजास होणाऱ्या लाभाचे पैशांतील मोजमाप होय. पिणे, शेती, उद्योग, वीजनिर्मिती आणि नदीचा नैसर्गिक प्रवाह यांची मागणी एकाच साठ्यावर येते, तेव्हा कोणत्या लाभासाठी कोणता लाभ सोडावा लागतो हे या मूल्यमापनातून कळते.

संकल्पना

जीवनावश्यक पाणी स्वस्त आणि हिरा मात्र महाग का, हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथ यांनी १७७६ साली मांडला होता. पुढे सीमांत उपयोगितेच्या सिद्धान्ताने त्याचे उत्तर दिले. पाणी मुबलक असताना शेवटच्या घागरीचे मूल्य अल्प असते. टंचाईत तीच घागर अमोल ठरते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले. स्थळ व काळ बदलताच पाण्याचे मूल्य कसे बदलते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

पाण्याचा दर, खर्च आणि मूल्य या तीन भिन्न बाबी आहेत. पाणीपट्टी हा शासनाने ठरविलेला दर असतो. धरण, कालवे व उपसा यांवर होतो तो खर्च. मूल्य या दोहोंहून कमी वा अधिक असू शकते. १९९२ च्या डब्लिन परिषदेतील चौथ्या तत्त्वाने पाण्याला त्याच्या सर्व स्पर्धात्मक वापरांत आर्थिक मूल्य असल्याचे मान्य केले. त्याचबरोबर परवडणाऱ्या दरात स्वच्छ पाणी मिळण्याचा मानवाचा मूलभूत हक्कही मान्य केला.

मूल्यमापनाच्या पद्धती

* अवशेष पद्धत : पिकाच्या उत्पन्नातून पाणी वगळता अन्य सर्व खर्च (घरच्या माणसांच्या श्रमांसह) वजा केल्यावर उरणारी रक्कम पाण्याचे मूल्य मानली जाते. समजा, हेक्टरी उत्पन्न १,००,००० रुपये, अन्य खर्च ८०,००० रुपये आणि पाण्याचा वापर ५,००० घनमीटर असेल, तर मूल्य घनमीटरमागे ४ रुपये येते.
* पर्यायी खर्च पद्धत : तेच काम पाण्याशिवाय अन्य मार्गाने करण्यास जो अधिक खर्च येईल, तो पाण्याचा लाभ समजतात. जलविद्युतेसाठी ही पद्धत वापरतात.
* देय-इच्छा पद्धत : खात्रीशीर पुरवठ्यासाठी किंवा वाहत्या नदीसाठी लोक किती रक्कम देण्यास तयार आहेत, हे सर्वेक्षणाने जाणून घेतले जाते.

तुलना दर हेक्टरी करावयाची की दर घनमीटर, यावर निष्कर्ष अवलंबून असतो. उसाला साधारण १,५०० ते २,५०० मिलिमीटर, तर ज्वारीला ४५० ते ६५० मिलिमीटर पाणी लागते. त्यामुळे हेक्टरी उत्पन्नात पुढे असलेले पीक घनमीटरमागे मिळणाऱ्या उत्पन्नात पुढे असेलच असे नाही.

कोयनेचे उदाहरण

कृष्णा पाणीतंटा लवादाने (बच्छावत लवाद) कोयना जलविद्युत प्रकल्पासाठी वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट पाणी पश्चिमेकडे वळविण्यास मुभा दिली. हे पाणी पोफळीच्या बाजूस सुमारे ४७५ मीटर खाली उतरते. यंत्रणेची कार्यक्षमता ८५ टक्के धरल्यास एका घनमीटरपासून सुमारे १.१ युनिट वीज मिळते. कोळकेवाडी येथे त्याच पाण्यापासून पुन्हा वीजनिर्मिती होते.

वीजनिर्मितीत पाणी सहसा खर्ची पडत नाही. ते नदीत परत येते. येथे मात्र ते वाशिष्ठी नदीत जाते आणि कृष्णा खोऱ्यास कायमचे दुरावते. उलट पूर्वेकडे सोडलेले पाणी कराडजवळ कृष्णेस मिळते. तेथून टेंभू उपसा सिंचन योजनेसारख्या योजनांद्वारे ते दुष्काळी भागास नेण्यासाठी वीज खर्च होते. म्हणून खरी तुलना करताना पश्चिमेकडे मिळणारी वीज, विशेषतः कमाल मागणीच्या वेळची, एका बाजूस धरावी लागते. दुसऱ्या बाजूस सिंचनाच्या लाभातून उपशाचा खर्च वजा करावा लागतो. यालाच पाण्याचा संधिव्यय म्हणतात.

महाराष्ट्रातील वाटप

राज्यात वाटपाचा क्रम बाजार नव्हे, तर धोरण ठरविते. २००३ च्या राज्य जलनीतीत पिण्यानंतर उद्योग व त्यानंतर शेती असा अग्रक्रम होता. २०११ मध्ये शेतीला दुसरे स्थान देण्यात आले. २००५ च्या कायद्यान्वये महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापन झाले. घाऊक पाण्याचे दर ठरविण्याचे काम त्याच्याकडे आहे.

मर्यादा

देय-इच्छा ही ऐपतीवर अवलंबून असते. त्यामुळे गरिबाची तहान हिशेबात कमी भरते. भूजलाचे पुनर्भरण, मासेमारी आणि नदीशी जोडलेले श्रद्धाविषयक व्यवहार पैशांत मोजणे कठीण असते. त्यामुळे मूल्यमापन न्याय्य वाटपाची जागा घेऊ शकत नाही. निर्णयाची किंमत कोणाला मोजावी लागते, हे मात्र ते उघड करते.