तलाठ्याचें दप्तर आणि यंत्राचें कोष्टक

१९७० सालीं दोन घटना घडल्या. मार्चमध्यें ठाण्याच्या खाडीपलीकडे नवें शहर वसविण्यासाठीं सिडको स्थापन झाली. जूनमध्यें अमेरिकेंत एडगर कॉड या मूळच्या इंग्रज गणितज्ञाचा निबंध प्रसिद्ध झाला. माहिती साध्या कोष्टकांत मांडावी आणि समान खुणेनें कोष्टकें जोडावीं, हें त्याचें सूत्र. आज ऐरोलींत दोन्ही घटनांचीं फळें शेजारीं नांदतात: जुन्या आगरी-कोळी गांवाच्या कडेस उंच इमारतींत त्याच पद्धतीचीं दप्तरें सांभाळणारे तरुण पाळ्या करतात.

शाळेंत वर्षानुवर्षें हजेरीपट लिहिलेल्या मला ही रीत ओळखीची वाटते. तलाठ्याचा गांव नमुना सात हक्काचा, बारा पिकांचा. सर्व्हे नंबर हा दोहोंचा दुवा. मालकी पालटली कीं नमुना सहांत फेरफाराची नोंद प्रथम; ती मंजूर झाल्यावांचून सातावरील नांव बदलत नाहीं. यंत्रावरील दप्तरदारही बदल आधीं नोंदवहींत उतरवितात, मग कोष्टकांत; म्हणून मध्येंच वीज गेली तरी हिशेब जुळवितां येतो.

शहरासाठीं जमिनी संपादन झाल्या तेव्हां मोबदल्याचा, आणि पुढें साडेबारा टक्के भूखंडाचा, आधार हीच नोंद होती. एखाद्या बहिणीचें नांव चढावयाचें राहिलें, तर तिचा वांटा बुडण्याचें भय. यंत्र न लिहिलेलें नांव आपण होऊन शोधीत नाहीं. म्हणून दप्तर कागदाचें असो वा यंत्राचें, तें राखणारा माणूस दक्ष आणि सचोटीचा हवा, एवढेंच माझें सांगणें.